वकिलीची सनद: वय किती, शिक्षण किती आणि फाइल अडते कुठे

वयाची काळजी आधी सोडा. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम २४ प्रमाणे सनद घेताना वय २१ पूर्ण हवे, बस्स. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स केला तरी तेविशी येतेच, म्हणून ही अट सहसा कुणाला आडवी येत नाही. वरची मर्यादाही नाही. पंचेचाळिशीनंतर सनद नाकारणारा नियम सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच रद्द केला. निवृत्तीनंतर ‘लॉ’ करायचे असेल तर खुशाल करा.

अडते ते मार्कशीटवर. पाच वर्षांच्या कोर्सला बारावीत, तीन वर्षांच्या कोर्सला पदवीत एकूण ४५ टक्के लागतात. ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली असेल, तर ती बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, धरत नाही. रीतसर बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर हरकत नाही. एलएलबी मात्र घरबसल्या होत नाही.

मग राज्य सीईटी सेलची लॉ सीईटी. तीन आणि पाच वर्षांसाठी परीक्षा वेगळ्या, फॉर्म नीट बघून भरा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत पसंतीक्रम देताना ठाणेकरांनी टीएमसी लॉ कॉलेज जरूर बघावे. रोजचा लोकलचा प्रवास वाचतो. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. ऐरोलीत किंवा महापेला दिवसपाळी करणाऱ्यांची खरी कसोटी इथे आहे, म्हणून प्रवेशाआधी तासांचे वेळापत्रक मागून घ्या.

नोकरी सांभाळून शिकता येते, पण पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. दुसरा व्यवसाय चालू ठेवूनही नाही: प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरला महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलने सनद नाकारली, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवले. म्हणून आधी राजीनामा, मग अर्ज.

अर्ज त्याच कौन्सिलकडे, म्हणजे फोर्टला. कायद्यातली फी एकूण ७५० रुपये, एससी-एसटींना १२५. स्टॅम्प ड्युटी वेगळी. याहून जास्त नोंदणी फी घेता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये बजावले आहे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर त्याचा पुरावा आणि शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

सनद मिळाली की दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम: १०० बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, एससी-एसटींना ४०. मराठीतही देता येते. सोबत फक्त बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर असलेली पुस्तके चालतात, टिपा छापलेली पुस्तके नाहीत. दोन वर्षांत ती सुटली नाही, तर ठाणे कोर्टात काय किंवा बेलापूरला काय, पास होईपर्यंत उभे राहता येत नाही.