इंग्रजी वाक्यात काळ कसा ओळखावा आणि वाक्प्रचार कसा वापरावा

वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि क्रियापदाचं रूप तसंच्या तसं इंग्रजीत उतरतं. काळाच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. 'होतो' दिसला की 'हॅड', 'आहे' दिसलं की 'हॅव' ही सवय आधी मोडा.

सुरुवात वेळ दाखवणाऱ्या शब्दापासून करा. काल, मागच्या वर्षी, दोन तासांपूर्वी, 2019 साली, अशी संपलेली वेळ वाक्यात असेल तर साधा भूतकाळ. 'मी काल नांदेडला गेलो होतो' याचं इंग्रजी 'आय वेंट टू नांदेड यस्टर्डे'. मराठीत 'गेलो होतो' म्हणजे जाऊन आलो, एवढंच. इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटलं की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघतो. तसंच '2019 साली दहावी पास झालो आहे' याला 'आय पास्ड', 'आय हॅव पास्ड' नाही. साल काढून टाकलं तर मात्र 'हॅव पास्ड' बरोबर.

मग 'हॅड' कधी? भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवायचं असेल तेव्हा. भारत 1947 च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला, मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. नुसतं दुसरं सांगायचं तर 'मराठवाडा वॉज लिबरेटेड इन 1948'. दोन्ही एका वाक्यात आणायचं तर 'व्हेन मराठवाडा वॉज लिबरेटेड, इंडिया हॅड ऑलरेडी बिकम फ्री'. 'बिफोर' किंवा 'आफ्टर'नं क्रम आधीच कळत असेल तर साधा भूतकाळही चालतो.

'पासून' आलं की विशेष जपा. 'मी पाच वर्षांपासून लातूरला राहतो' यात मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स' असं लिहिलं जातं. त्यात दोन चुका आहेत. आधी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. आणि मुदत सांगताना 'फॉर', सुरुवात सांगताना 'सिन्स'. म्हणजे 'फॉर फाइव्ह इयर्स', पण 'सिन्स 2019'.

'पाऊस पडला की पेरणी करू' यातही मराठी रूप फसवतं. भविष्याबद्दल बोलताना 'व्हेन' आणि 'इफ'च्या भागात साधा वर्तमानकाळ, 'विल' दुसऱ्या भागात: 'वी विल सो व्हेन इट रेन्स'. 'व्हेन इट विल रेन' चूक.

नो (माहीत असणं), ओन (मालकी असणं), बिलाँग (एखाद्याचं असणं) अशा स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना सहसा 'आयएनजी' लावू नका. 'आय ॲम हॅविंग टू एकर्स' चूक. 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर, कारण तिथे 'हॅव'चा अर्थ जेवणं असा आहे.

वाक्प्रचारांत शब्दाला शब्द ठेवला की अर्थ हरवतो. 'डोकं खाऊ नको'ला 'स्टॉप पेस्टरिंग मी'. 'पोटात कावळे ओरडताहेत'ला 'आय ॲम स्टार्व्हिंग'. 'लाइट गेली'ला 'द पॉवर इज आउट'. पंखा 'ओपन' होत नाही, 'टर्न ऑन' होतो.

क्रियापदासोबतचं किंवा विशेषणासोबतचं शब्दयोगी अव्यय वेगळं पाठ करू नका, पूर्ण तुकडा वहीत उतरवा: 'मॅरिड टू', 'कॅपेबल ऑफ', 'इन्सिस्ट ऑन'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येतच नाही. नोकरीच्या अर्जात 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' हमखास दिसतं. इथला 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून पुढे 'मीटिंग' हवं.

तुकड्याशेजारी तो कुठे शोभतो तेही लिहा. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, पण सांत्वनाच्या पत्रात ते क्रूर वाटतं. तिथे 'पास्ड अवे' लिहावं.

वाक्प्रचारात काळ बदलला तर फक्त क्रियापद बदलतं, बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. गुपित फोडण्याला 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणतात. 'लेट'ची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे 'ही लेट द कॅट आउट ऑफ द बॅग यस्टर्डे' हेच बरोबर. 'लेटेड' असं रूप या क्रियापदाला नाही.