पडदा विझल्यानंतरची वीस मिनिटं: चित्रपटांतून सुवार्ताकार्य करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

प्रोजेक्टर कुठला घ्यावा, खुर्च्या ओळीत मांडाव्यात की अर्धवर्तुळात, हे मी इथे लिहीत नाही. ते तुम्हाला कळतं, आणि नसेल कळत तर पहिल्याच संध्याकाळी कळेल. आवाजाचं तेवढं बघा. चित्र थोडं फिकट असलं तरी लोक चालवून घेतात, पण संवाद नीट ऐकू आले नाहीत की पंधरा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. मला लिहायचं आहे ते, चर्चबाहेरच्या पाहुण्यांना दाखवलेला चित्रपट संपून दिवे लागतात आणि चर्चा सुरू होते, तेव्हा काय होतं त्याबद्दल. आपलं काम बिघडतं ते तिथे. आणि बिघडवणारे बाहेरचे नसतात, आपल्याच मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चचे सभासद असतात.

जिथे धर्म म्हणजे ज्याची त्याची खाजगी बाब, आणि चर्चची पायरी चढायची ती लग्नाला किंवा अंत्यविधीला, अशा समाजात आपण जातो ते वादाची तयारी करून. उत्क्रांती, क्रूसयुद्धं, चर्चमधले गैरप्रकार, सगळ्यांवर उत्तरं पाठ. प्रत्यक्षात कोणी वाद घालतच नाही. पाहुणे चित्रपट बघतात, दोन वाक्यं बोलतात, "छान गेली संध्याकाळ" म्हणतात, निघतात आणि परत येत नाहीत. ही सभ्यता म्हणजे यश असं समजून कितीतरी गट वर्षानुवर्षं अहवाल लिहीत बसतात. माणूस भांडला तर तो गुंतलेला आहे. आभार मानून गेला तर बहुधा गेलाच.

चित्रपट निवडण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांसाठी बनवलेले, शेवटच्या दहा मिनिटांत नायकाचा पश्चात्ताप आणि सगळ्या अडचणी दूर, असे चित्रपट दाखवू नका. आपल्याला त्यात डोळ्यांत पाणी येतं, पाहुण्याला जाहिरात बघितल्यासारखं वाटतं. १९७९ सालचा 'जीझस' लूककृत शुभवर्तमानावर बेतलेला आहे, त्याचं भाषांतर दोन हजारांहून अधिक भाषांत झालं आहे, आणि ही कथा कधीच कानावर न पडलेल्या माणसांपर्यंत तो पोहोचला. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण जिथे लोकांना ही कथा आपल्याला माहीतच आहे असं वाटतं, तिथे तीच कथा पुन्हा सरळ सांगितली की समोरचे मनातल्या मनात घड्याळ बघतात.

त्यापेक्षा इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा १९६४ सालचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरचा चित्रपट बघा. हा माणूस मार्क्सवादी, स्वतःला नास्तिक म्हणवणारा. संवाद जवळपास थेट मत्तयातून उचललेले, कलाकार व्यावसायिक नाहीत, वृद्ध मरियेच्या भूमिकेत त्याची स्वतःची आई. आणि चित्रपट अर्पण केला आहे दिवंगत पोप तेविसाव्या जॉन यांच्या स्मृतीला. सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची यादी काढली, तीतही तो आहे. अशा चित्रपटानंतर पाहुणा आणि आपण एका पातळीवर येतो. एका अविश्वासी माणसाने येशूकडे इतकं रोखून का पाहिलं असेल, या प्रश्नावर त्याचा हक्क आपल्याइतकाच असतो, खरं तर थोडा जास्तच.

दुसरी निवड पोलिश दिग्दर्शक कीस्लोव्स्कीच्या 'डेकालॉग'ची. दहा आज्ञांवरचे दहा भाग, प्रत्येक सुमारे तासाभराचा, मूळचे पोलंडच्या दूरचित्रवाणीसाठी केलेले. कुठली आज्ञा चालली आहे ते पडद्यावर सांगितलेलं नाही, ते पाहणाऱ्याने शोधायचं. तासाचा चित्रपट आणि पाऊण तासाचं बोलणं, कामावरून थकून आलेल्या माणसाला एवढंच झेपतं. अडीच तासांच्या भव्यपटानंतर चर्चा ठेवणाऱ्यांना मी हात जोडते.

कान महोत्सवात १९७४ पासून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक परीक्षकांचं एक संयुक्त मंडळ दरवर्षी एका चित्रपटाला पुरस्कार देतं. ती यादी चाळा. आयत्या सोयींपैकी मला मान्य असलेली ही एकच. बाकी ते छापील प्रश्नसंच आणि तीन मिनिटांची दृश्यं कापून प्रवचनात वापरणं मला अजिबात पटत नाही. दिग्दर्शकाने दोन तास खपून उभा केलेला प्रश्न आपण तीन मिनिटांत आपल्या मुद्द्याचा गडी करून टाकतो, आणि ज्याने तो चित्रपट पाहिलेला असतो त्याला ते लगेच कळतं.

आता मूळ सापळ्याकडे येते. मी त्यात अडकलेली आहे, म्हणून जरा लांबण लावणार.

'डेकालॉग'च्या पहिल्या भागात एक बाप संगणकावर गणित मांडून ठरवतो की तळ्यावरचा बर्फ मुलाचं वजन पेलेल. बर्फ फुटतो. चित्रपट संपल्यावर आमच्याकडे एक पाहुणे हळू आवाजात म्हणाले, "बापाची चूक कुठे होती तेच मला कळत नाही. मीही तेच केलं असतं." यापेक्षा प्रामाणिक वाक्य मी त्या खोलीत ऐकलेलं नव्हतं. त्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ बंधू, मनाने अगदी निर्मळ, पटकन म्हणाले, "देवाची योजना आपल्याला आत्ता कळत नाही." मागून कोणीतरी "आमेन". आणि चर्चा चालवणारी मी, मी रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायातलं वचन जोडून दिलं. पाहुण्यांनी मान डोलावली. मग कोट चढवला.

इथे नेमकं काय झालं ते बघा, कारण वरवर पाहता कोणीच काही चुकीचं बोललं नाही. वचन खरं, भावना खरी. पण त्या माणसाने प्रश्न विचारला नव्हता. तो स्वतःला त्या बापाच्या जागी ठेवून पाहत होता, आणि आम्ही त्याला तिथून उठवलं. शिवाय त्याला हेही कळलं की या खोलीत उत्तर आधीच ठरलेलं आहे, चित्रपट हे निमित्त. एकदा हे कळलं की पुढचा प्रत्येक प्रश्न, अगदी "तुम्हाला कुठलं दृश्य आठवतंय?" हासुद्धा, परीक्षेतला प्रश्न वाटू लागतो.

आणि हे एका बोलघेवड्या माणसामुळे होत नाही. खोलीची रचनाच तशी असते. वीस जणांत चौदा मंडळीतले असले की सहा पाहुणे वेढले जातात. कोणी पाहुणा बोलला की चौदा माना पाळकांकडे वळतात, आता हे काय उत्तर देणार म्हणून. 'तारण', 'ओझं', 'प्रभूने माझ्याशी बोलून दाखवलं' हे शब्द आपल्याला श्वासासारखे, त्यांना परक्या घरातल्या कुजबुजीसारखे. शेवटी कोणीतरी उत्साहाने म्हणतं, "चला, प्रार्थना करून संपवू," आणि निमंत्रणात नसलेली प्रार्थना पाहुण्याच्या डोक्यावर येऊन पडते. डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत, हेही त्याला कळत नाही.

"साक्ष द्यायचीच नाही का मग?" म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल बोलायचंच नाही का, हा प्रश्न मला दर वेळी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. द्यायची. पण साक्ष विचारल्यावर द्यावी, रिकामी जागा दिसली म्हणून भरू नये. अथेन्समध्ये पौलाने अज्ञात देवाची वेदी आधी पाहिली, त्यांच्याच कवींच्या ओळी घेतल्या, आणि तरीही काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा केव्हातरी ऐकू. ते "पुन्हा केव्हातरी" आपल्याला कमी का वाटतं? उधळ्या पुत्राच्या दाखल्यात रागावून बाहेर थांबलेला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, ते प्रभूने सांगितलेलंच नाही. आपण मात्र सगळे थोरले भाऊ त्याच रात्री आत ढकलायला निघतो.

उपाय सांगते. चित्रपट आपल्या लोकांना आठवडाभर आधी वेगळा दाखवा, आणि त्या दिवशी त्यांना हवं तेवढं बोलू द्या. वचनं, साक्षी, बोध, 'यातून देव काय शिकवतो', सगळं. थांबवू नका. तास लागला तर लागू दे. जे बोलायची घाई असते ते तिथे बोलून होतं. दुसरी गोष्ट अशी की दुसऱ्यांदा पाहताना त्यांना चित्रपट दिसायला लागतो. पहिल्या वेळी आपण सगळे मुद्दे शोधत असतो.

मग प्रत्यक्ष दिवशी वीस मिनिटांचा नियम: दिवे लागल्यापासून वीस मिनिटं मंडळीतल्या कोणी उत्तर द्यायचं नाही. प्रश्न विचारला तर चालेल, पण ज्याचं उत्तर खरंच माहीत नाही असाच. मंडळीतल्या माणसाने यायचं तर पाहुण्याबरोबर यायचं, एकट्याने नाही. हा नियम लावल्यावर नाराजी होते, हे आधीच सांगून ठेवते. चर्चा पाळकांनी चालवू नये, ते खोलीत असले तरी कोपऱ्यात बसावेत. श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. त्या शांततेत अस्वस्थ वाटेल, वाटू द्या. आणि आपल्या दोन विश्वासूंचं एखाद्या पात्राबद्दल पटलं नाही तर ते पाहुण्यांसमोर उघड बोलू द्या. आपल्यात मतभेद होऊ शकतात हे पाहून पाहुण्यांचे खांदे सैल पडतात. हे मी अगदी डोळ्यांनी पाहिलं आहे.

याचा अर्थ आपण कोण आहोत हे लपवायचं असा नाही. उलट. निमंत्रणावर मंडळीचं नाव स्पष्ट हवं. 'मोफत चित्रपट, सर्वांचं स्वागत' एवढंच लिहून आत गेल्यावर बायबल वाटणं ही फसवणूक आहे, आणि ती करून सुवार्ता सांगता येत नाही. सुरुवातीला एक मिनिट उभं राहून सांगा: आम्ही ख्रिस्ती आहोत, हा चित्रपट आम्हाला सोडत नाही म्हणून दाखवतो आहोत, आज प्रार्थना किंवा प्रवचन नाही, कोणाला श्रद्धेबद्दल बोलायचं असेल तर आम्ही शेवटी दाराजवळ थांबू. आणि मग शब्द पाळा.

परवान्याचं थोडक्यात. घरच्या ओटीटी वर्गणीवर किंवा विकत घेतलेल्या डीव्हीडीवर सार्वजनिक प्रदर्शन करता येत नाही, प्रवेश मोफत असला तरी. चर्चसाठी वार्षिक परवाने मिळतात, पण त्यांत अनेकदा तिकीट लावायला आणि चित्रपटाचं नाव बाहेर जाहीर करायला मनाई असते. म्हणजे भिंतीवर पोस्टर लावण्याआधी अटी वाचा. 'देवाच्या कामाला कोण विचारतो' हे वाक्य मी मोठ्या मोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. 'चोरी करू नको' या आज्ञेवर चित्रपट दाखवताना तो चोरून दाखवायचा, ही विसंगती पाहुण्यांच्या लक्षात येते. तसंच दाराशी नावं आणि फोन नंबर घेण्याचं. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत धार्मिक श्रद्धेविषयीची माहिती विशेष संरक्षणात मोडते. तुम्ही कुठेही असा, कागद टेबलावर ठेवा आणि ज्याला लिहायचं त्याला लिहू द्या. मागे लागू नका.

मार्गदर्शक निवडताना एक बघा: ख्रिस्ताला स्वीकारायला किती हात वर झाले ते तो मोजतो का? मोजत असेल तर त्याच्याकडून प्रोजेक्टर उसना घ्या, सल्ला नको. मला जास्त शिकवलं ते एका फिल्म सोसायटीत चर्चा चालवणाऱ्या बाईंनी, ज्यांचा कुठल्याच धर्मावर विश्वास नव्हता. खरं तर तुमच्या भागात अशी सोसायटी असेल तर स्वतःचा गट काढण्याआधी वर्षभर तिथे सभासद म्हणून जा. गप्प बसायला शिकण्यासाठी त्यापेक्षा चांगली जागा नाही.

चार माणसं आली म्हणून खचू नका. चार जणांत कोणी लपू शकत नाही, आणि बोलणं खोल जातं. चित्रपट कोणाच्या मनात काय पेरेल हे दाखवणाऱ्याच्या हातात कधीच नव्हतं. १९१० च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त होता, त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. त्या खेळाच्या आयोजकांना अहवालात काय लिहिता आलं असतं, याचं मला नेहमी हसू येतं.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. मृत्यू, आत्महत्या, मूल गमावणं असं काही चित्रपटात असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. खोलीत कोणाचं काय गेलं आहे हे आपल्याला माहीत नसतं. कोणी उठून बाहेर गेलं तर एकाच व्यक्तीने मागे जावं, ती कोण हे आधी ठरलेलं असावं, आणि तिने पाणी द्यावं, वचन नाही. दुःखात सापडलेल्या माणसावर झडप घालणं याला सुवार्ता म्हणत नाहीत.

तीन-चार प्रदर्शनांनंतर जे पाहुणे टिकतील त्यांना पुढचा चित्रपट निवडू द्या. ते चर्चची टर उडवणारा एखादा निवडतील, हे जवळपास ठरलेलं. परवाना मिळतो का बघा, मिळाला तर दाखवा. फक्त आपल्या लोकांना तो आठवडाभर आधी दाखवायला विसरू नका, आणि त्या संध्याकाळी पूर्ण दोन तास मोकळे ठेवा.