जैसलमेरला जाताय? मग वाळूचा डोंगर वाचायचा कसा ते बघून जा

दिवाळी झाली की आपल्याकडच्या राजस्थान टूर सुरू होतात आणि जैसलमेर म्हटलं की जवळच्या सम गावचे वाळूचे डोंगर ठरलेलेच, उंट, सूर्यास्त, फोटो. करा की, छानच असतं ते. पण थारच्या वाळूत हजारो वर्षांचा पावसापाण्याचा हिशोब पडलाय आणि तो बघायला भूगर्भशास्त्राची डिग्री लागत नाही, थोडा वेळ लागतो आणि कुठे बघायचं ते माहीत असावं लागतं.

सुरुवात घरीच करा. गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि बिकानेर, चुरू भागात झूम करून फिरा. तिकडचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, बऱ्याच ठिकाणी यू आकाराच्या दिसतात, दोन लांब हात नैऋत्येकडे आणि बंद टोक ईशान्येकडे. हे पॅराबोलिक ड्यून. हातांवरची वाळू झुडपांनी धरून ठेवली आणि मधली वाऱ्याने पुढे नेली म्हणून हा आकार झाला. चंद्रकोरीच्या आकाराचे बारखान याच्या बरोबर उलटे, त्यांची टोकं वारा जातो त्या दिशेला असतात, कारण तिथे अडवायला झाडोरा नसतो आणि कडेची कमी वाळू भराभर पुढे पळते. म्हणजे नुसता आकार बघून कळतं की टेकडी तयार होताना तिथे हिरवळ होती का नव्हती.

समला पोचलात की गर्दीपासून जरा लांब जा, शक्यतो सकाळी, तिरप्या उन्हात सगळं स्पष्ट दिसतं. मोबाईलचं लेव्हल ॲप उघडून फोन उतारावर ठेवा. वाऱ्याकडची बाजू साधारण १० ते १५ अंश भरेल आणि आडोशाची बाजू ३२ ते ३४ च्या आसपास. त्याहून उभी कोरडी वाळू राहूच शकत नाही, ती घसरते, आणि अशी घसरत घसरतच टेकडी पुढे सरकते. आता इथे एक गोष्ट सांभाळा, पायाखालच्या छोट्या लहरी बघून टेकडीची दिशा ठरवू नका. त्या लहरी आज-कालच्या वाऱ्याच्या असतात. मोठी टेकडी घडवतो तो उन्हाळ्यातला, मान्सूनच्या आधीचा आणि सोबतचा नैऋत्येचा वारा, आणि आपण जातो हिवाळ्यात.

मला विचाराल तर खरी वाचण्यासारखी टेकडी समची नाहीच. खेजडी, फोग, सेवण गवत उगवलेली, रस्त्यासाठी कापलेली एखादी जुनी टेकडी गाठा. तिचा फोटो काही कोणी काढत नाही पण आत बघा. कापलेल्या भागात पांढरट गोट्यांचा थर दिसला तर तो कंकर, म्हणजे चुन्याचा. पावसाचं पाणी वाळूतला चुना विरघळवून खाली नेतं, पाणी उडून जातं आणि चुना तिथेच साठतो, याला खूप काळ लागतो आणि तोवर टेकडी एका जागी थांबलेली असावी लागते. खात्री करायची तर खाली पडलेला गोटा खरवडून त्या भुकटीवर लिंबू पिळा, बुडबुडे आले की चुना. कंकराचा थर म्हणजे वारा थांबून पाऊस टिकलेला काळ आणि त्याच्यावरची मोकळी वाळू म्हणजे वारा पुन्हा सुरू. असे थर एकावर एक असतात! राजस्थानातल्याच डीडवानाजवळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी असाच एक धोरा खोल खणला, त्यात जवळपास २ लाख वर्षांचे थर आणि त्या थरांत माणसाची दगडी हत्यारं मिळाली.

वय कसं काढतात? वाळूचा कण उन्हात असला की त्यातली साठलेली ऊर्जा निघून जाते आणि गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे पुन्हा साठायला लागते, ती मोजली की शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. म्हणून नमुना धातूच्या पाइपात, उजेड न लागू देता घेतात. अहमदाबादच्या पीआरएलने, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने, थारमध्ये हे भरपूर काम केलंय आणि त्यातून निघालेलं चित्र मला फार आवडतं. २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, सगळं कोरडं, तरी बऱ्याचशा टेकड्या तेव्हा वाढल्या नाहीत कारण मान्सूनचा वाराच कमजोर होता! वारा परतला पण झाडोरा धरेल एवढा पाऊस अजून नव्हता, त्या मधल्या काळात, साधारण १४ ते १० हजार वर्षांपूर्वी, वाळू जोरात चालली. मग पाऊस वाढला, टेकड्या थांबल्या, बिकानेरकडचं लुणकरणसरचं तळं भरलं, आणि तेही साधारण ५ हजार वर्षांपूर्वी आटलं.

हातात अर्धा दिवस उरला तर जैसलमेरहून बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवरचं आकल बघाच. तिथे झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे तेव्हा इथे जंगल होतं. आणि जैसलमेरचा किल्ला ज्या पिवळ्या दगडाचा आहे तो समुद्राच्या तळाशी साठलेला चुनखडक, त्याच्या फरश्यांमध्ये शिंपल्यांचे तुकडे शोधा, सापडतात. फक्त आकलहून एक तुकडाही उचलू नका, गाईडने दिला तरी घेऊ नका.