बुव्हे बेट मांडायचं, तर आधी हे जमवा

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात आमची सातवी बुव्हे बेटाची प्रतिकृती मांडणार आहे. हे दक्षिण अटलांटिक महासागरातलं, नॉर्वेच्या मालकीचं, बर्फाखालचं ज्वालामुखी बेट. ज्वालामुखी म्हटलं की पोट्ट्यांचा हात थेट खायचा सोडा आणि लाल रंगाकडे जातो. या दोन वस्तू आधी कपाटात कुलूपबंद करा.

पहिली प्लायवूडची फळी, ४ बाय ३ फूट. बेट सुमारे साडेनऊ किलोमीटर लांब, सात रुंद. १ सेंटिमीटरला १०० मीटर धरले की भोवती समुद्राला जागा उरते. याच मापाने तिथलं सर्वांत उंच ओलाव्हटॉपेन शिखर, ७८० मीटरचं, आठ सेंटिमीटरलाही भरत नाही. पोरं हिरमुसतील, "सर, दोन इंच वाढवू का?" म्हणतील. वाढवू देऊ नका. बेट आहेच तसं पालथ्या ढालीसारखं बसकं, पश्चिमेला साडेतीन किलोमीटर रुंदीचं बर्फाने भरलेलं विवर. ओल्या मातीवर छोटी परात दाबली की तो खळगा होतो. किनाऱ्याचे कडे मात्र सरळ कापा. माती वावरातली काळीच आणा. ती बसॉल्टची झीज होऊन झालेली, आणि त्या बेटाचा खडकही बराचसा बसॉल्टच. वाळायला तीन दिवस धरा.

बर्फाला कापूस, सरकी काढलेला. ९३ टक्के बेट हिमाखाली आहे, तेव्हा हात आखडू नका. पण खळ लावून चिकटवा. गेल्या वर्षी आमचा हिमालय पंख्याखाली होता, परीक्षक येईस्तोवर निम्मा उडाला. वायव्येला न्यूरॉयसाची जागा उघडी ठेवून मूठभर गिट्टी टाका: १९५५ ते १९५८ च्या दरम्यान कडा ढासळून ती सपाटी झाली, आता तिथे पेंग्विन आणि सील असतात.

एक मुलगी उत्तरांना तयार ठेवा. ५४ अंश उत्तरेला आयर्लंडमध्ये कुरणं, मग ५४ दक्षिणेला बर्फ का, हे विचारतीलच: तिकडे उष्ण प्रवाह, इकडे अंटार्क्टिकाभोवतीचं गार पाणी. १ जानेवारी १७३९ ला दिसलेलं बेट १८०८ पर्यंत पुन्हा सापडलं नाही, कारण स्थान चुकीचं नोंदलं होतं, हेही तिला पाठ हवं. नॉर्वेचा झेंडा कागदाचा चालेल.

शेवटी लांब टेप. जवळची मोठी जमीन अंटार्क्टिकाची, सुमारे १७०० किलोमीटरवर. आपल्या मापात १७० मीटर. म्हणजे आमच्या वर्गापासून दक्षिणेला मोजत गेलं तर 'अंटार्क्टिका' ही पाटी रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर लागते. ठेलेवाल्या काकांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.