क्रोशाचं मसोतं आणि ओटापुसणं: एकाला भोकं चालत नाहीत, दुसऱ्याला भोकंच हवीत

आधी माझा गाढवपणा सांगते. भाचीच्या स्वेटरची बेबी पिंक लोकर उरली होती, ती वाया कशाला घालवायची म्हणून मी तिचं गोल, पाकळ्यापाकळ्यांचं एक मसोतं, म्हणजे गरम भांडं धरायचं फडकं, विणलं, रुखवतात मांडावं इतकं गोड दिसत होतं, आणि दुसऱ्याच दिवशी भाकरीचा तवा उतरवायला तेच हातात घेतलं. दोन सेकंदात बोटांना चटका, तवा ओट्यावर आदळला आणि तव्याच्या कडेला गुलाबी च्युइंगमसारखं काहीतरी चिकटून बसलं, ते मी पुढे दोन दिवस उलथन्याने खरवडत होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "फडकं काय वाईट होतं?"

तर त्यात दोन चुका होत्या. एक म्हणजे ती लोकर अ‍ॅक्रिलिक होती, आणि अ‍ॅक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, गरम लोखंडाला लागलं की ते वितळतं. दुसरी चूक म्हणजे पाकळ्यांच्या मधली भोकं. गरम भांडं धरायच्या फडक्याला एकही भोक नको, कारण बोट नेमकं तिथेच जातं, आणि कुकरचं झाकण काढताना वाफही तिथूनच हाताला लागते. उलट ओटा पुसायचं किंवा भांडी पुसायचं फडकं असेल तर त्याला भोकं हवीतच, नाहीतर ते दिवसभर ओलं राहतं आणि संध्याकाळपर्यंत कुबट वास मारायला लागतो. दोरा तोच, पण वीण अगदी उलटी. हे डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

दोऱ्याचं आधी बोलू. शंभर टक्के सुती हवा, "कॉटन ब्लेंड" नको, "मिल्क कॉटन" नावाने जे ऑनलाइन मिळतं त्यात बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं असतं, त्यामुळे लेबल उलटून वाचा. घरात पडलेला बिनलेबलचा गुंडा असेल तर त्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर काडी लावून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख पडते. अ‍ॅक्रिलिक आक्रसतं, वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी तयार होतो, तो गरम असताना हात लावू नका. मणी झाला की तो गुंडा बाजूला, त्याचं तोरण करा नाहीतर टीव्हीवरचा रुमाल करा.

मर्सराइज्ड आणि साधा असे सुती दोऱ्यातही दोन प्रकार असतात. मर्सराइज्ड म्हणजे ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढलेला दोरा, त्यामुळे तो चमकतो, मजबूत होतो आणि रंगही छान धरतो. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास ही कॉस्टिक सोड्याची युक्ती शोधली, नाव त्याच्यावरूनच पडलंय. मसोत्याला तो चालतो. पण पुसण्याला मी साधा, बिनचमकीचाच घेते, माझ्या हाताला तो जास्त पाणी टिपतो असं वाटतं आणि पिळायलाही मऊ असतो. आत्याच्या डब्यात असतो तो रुमालांचा बारीक दोरा मात्र या कामाचा नाही, त्याचं मसोतं करायला बसलात तर दिवाळीला सुरू करून होळीला संपेल. ८ प्लाय, म्हणजे जाड दोरा घ्या आणि ४ मिलीमीटरची क्रोशाची सुई. पुण्यात तुळशीबाग किंवा बोहरी आळीत, बाकीच्या गावात लोकरीच्या दुकानात "जाड सुती, आठ प्लाय" असं विचारलं की देतात. ४ प्लायच घरात असेल तर दोन पदर एकत्र धरून विणा, काही बिघडत नाही. आणि हो, गडद लाल किंवा निळा असेल तर एक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा, रंग जात असेल तर पुसण्याला तो नकोच.

आता टाके. लागतात फक्त दोन, साखळी आणि मुका खांब. साखळी येतच असेल. मुक्या खांबाला सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास झाले की परत दोरा घेऊन दोन्हीतून एकदम बाहेर काढायचा, झालं. साधा खांब घालताना आधी सुईवर एक वेढा घेतो आपण, तो इथे नाही, म्हणूनच मुका खांब बुटका आणि घट्ट बसतो. यूट्यूबवर बघून शिकणाऱ्यांची एक गंमत होते, अमेरिकन बाई ज्याला सिंगल क्रोशे म्हणते त्यालाच ब्रिटिश बाई डबल क्रोशे म्हणते, आणि तो म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश त्याला ट्रेबल म्हणतात. माझी एक मैत्रीण ब्रिटिश पॅटर्न अमेरिकन व्हिडिओ बघून करत बसली होती, तिचं मसोतं उशीच्या अभ्र्याएवढं झालं.

मसोतं, दुहेरी आणि बिनभोकाचं

हा प्रकार मला सगळ्यात आवडतो कारण यात वाढवणं नाही, घटवणं नाही, टाके मोजत बसणं तर अजिबात नाही, आणि शेवटी एक घडी घातली की आपोआप दोन थरांचा चौकोन होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला जादूच वाटते.

४५ साखळ्या घाला. सुरुवातीला बोटभर शेपूट सोडा. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग प्रत्येक साखळीत एक, असे टोकापर्यंत ४४ होतील. आता उलटून मागे यायचं नाही! तसंच फिरून त्याच साखळीच्या खालच्या बाजूला या आणि तिथेही प्रत्येकात एक एक घालत परत सुरुवातीच्या टोकाला या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८८ मुके खांब. इथे सेफ्टी पिन लावून ठेवा. आता फेरी जोडायची नाही, पहिल्या मुक्या खांबातच पुढचा घाला आणि गोल गोल फिरत राहा, कोपऱ्याला जास्तीचा टाका घालायचा मोह आवरा. पाच-सहा फेऱ्या झाल्या की लांबट होडीसारखं, पेनाच्या पाऊचसारखं काहीतरी दिसायला लागेल आणि तुम्हाला वाटेल की आपलं चुकलं. चुकलेलं नाही, चालू द्या, मी पहिल्यांदा इथेच उसवलं होतं, तुम्ही उसवू नका.

साधारण चौदा सेंटीमीटर उंची झाली, माझ्या हाताने २४-२५ फेऱ्या होतात, की घडी घालून बघायची. पिशवीचं तोंड उघडा, आणि पिशवी बाजूला फिरवून अशी चपटी करा की तळाची दोन टोकं समोरासमोरचे कोपरे होतील आणि तोंडाच्या कडा मधोमध एका तिरक्या रेषेत एकमेकींना भेटतील. पतंग ठेवल्यासारखा चौकोन दिसेल. कडा ताणल्याशिवाय भेटत असतील तर विणणं संपलं, मध्ये फट राहत असेल तर अजून एकदोन फेऱ्या, एकमेकींवर चढत असतील तर उसवा थोडं. हिशोब सोपा आहे, उंची ही सुरुवातीच्या साखळीच्या लांबीच्या निम्मी हवी, म्हणजे ज्यांचा हात सैल त्यांना टाक्यांचा आकडा पाळायची गरजच नाही, फुटपट्टी लावली की झालं. माझी साखळी २८ सेंटीमीटर भरते आणि चौकोन जवळपास २० सेंटीमीटरचा होतो, पंजा मावेल इतका. दोरा ६०-७० ग्रॅम लागतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या गुंड्यात एक मसोतं होऊन वर थोडा उरतो.

दोरा कापताना पाऊण मीटर शेपूट ठेवा आणि मोठ्या नाकाच्या बोथट सुईने ती तिरकी शिवण शिवून टाका, समोरासमोरच्या टाक्यांचा फक्त बाहेरचा पदर उचलत गेलात तर शिवण दिसत पण नाही. अर्धी शिवून झाली की थांबा. घरात जुना सोलापुरी टॉवेल असतोच, मऊ होऊन विरत आलेला, त्याचा १८ सेंटीमीटरचा चौकोन कापून आत सरकवा, चारही कोपरे बोटाने नीट बसवा आणि मग उरलेली शिवण घाला. पातेल्यासाठी दोन थर पुरतात पण लोखंडी तवा आणि ओव्हनच्या ट्रेसाठी हा तिसरा थर पाहिजेच. उशीतला पॉलिस्टर कापूस भरू नका हं, म्हणजे परत तेच, वितळणारं प्लास्टिक. कोपऱ्याला १२ साखळ्यांची कडी करून घ्या अडकवायला, पण ती खुंटी गॅसच्या डोक्यावर नको. झालर, गोंडे, मणी हेही नको. सुती दोरा वितळत नाही पण पेटतो, ज्योतीत झालर गेली तर कळायच्या आत वर चढते.

एक करू नका, जोडी करा. आपल्या पातेल्यांना कान नसतात, सांडशी असली तरी मोठं वरणाचं पातेलं दोन्ही हातांनीच उतरवावं लागतं.

आणि ओलं मसोतं कधीही गरम भांड्याला लावायचं नाही. सुती दोऱ्यात अडकलेली हवाच आपल्याला वाचवत असते, ओल्या फडक्यात हवेच्या जागी पाणी बसतं आणि पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता पोचवतं, वर त्याची तिथल्या तिथे वाफ होते ती वेगळीच. ओट्यावरचं सांडलेलं पुसून तेच फडकं कुकरला लावायची आपल्या सगळ्यांना सवय आहे, म्हणूनच म्हणते दोन वस्तू वेगवेगळ्या करा आणि रंगही वेगळे ठेवा, घाईत हाताला बरोबर तेच लागतं.

ओटापुसणं, जाळीदार

इथे सुई ५ मिलीमीटरची घ्या, दोरा तोच. ३४ साखळ्या. सुईपासून चौथ्या साखळीत मुका खांब, मग एक साखळी घाला, खालची एक साखळी सोडा, पुढचीत मुका खांब, असंच शेवटपर्यंत. ओळीत १६ मुके खांब झाले पाहिजेत. वळा, दोन साखळ्या घाला, आणि आता मुका खांब टाक्यात नाही, खालच्या ओळीतल्या साखळीच्या फटीत घालायचा, मग एक साखळी, पुढच्या फटीत मुका खांब, मग एक साखळी. शेवटचा मुका खांब वळताना घातलेल्या साखळ्यांच्या फटीत येतो. तो विसरला की दर ओळीला एक फट कमी होते आणि पुसणं समोश्यासारखं निमुळतं व्हायला लागतं, त्यामुळे पहिल्या चार-पाच ओळी १६ मोजत चला, नंतर हात बरोबर जातो. चौकोन झाला की थांबा. कडेने मुक्या खांबाची एक फेरी फिरवली, प्रत्येक कोपऱ्यात तीन घातले, की कड पसरत नाही.

एका संध्याकाळी होतं हे, मालिकेच्या दोन भागात. फार घट्ट विणू नका, पिळताना मनगट दुखतं. आणि याने कढई घासायला जाऊ नका, करपलेल्या कढईला तारेची घासणीच लागते. ओटा, डायनिंग टेबल, काचेचे ग्लास, फ्रिजचं दार एवढंच याचं राज्य.

टोकं लपवताना एक सांगते. सुती दोरा लोकरीसारखा एकमेकाला धरून राहत नाही, घसरतो. एकदा सुईने आत घातलेलं टोक तिसऱ्या धुण्याला बाहेर डोकावतं, म्हणून बोटभर एका दिशेने न्या, मग उलट फिरवून परत आणा, मग कापा. गाठ मारली तर ती ओट्यावर खरखरते.

पहिल्या धुण्यात दोन्ही वस्तू थोड्या आटतात आणि दाट होतात, मसोत्याला ते बरंच आहे. पुसणी मी दोन दिवसाआड गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास बुडवते आणि कडक उन्हात टाकते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो एकदम लाल होतो, घाबरू नका, हळदीला खार लागला की तसंच होतं. धुऊन दोन-तीन दिवस उन्हात ठेवलं की तो डाग फिका पडत पडत जातो, त्यासाठी ब्लीच ओतून दोरा कुजवायची गरज नाही. मसोतं रोज धुवायला लागत नाही, पण आत टॉवेल असेल तर धुतल्यावर पूर्ण वाळलंय का ते मधोमध दाबून बघा, वरून कोरडं आणि आतून ओलं ही फसवाफसवी ते पावसाळ्यात हमखास करतं.

उरलेल्या दोऱ्याचं मी काय करते, तर चुंबळ. हाताभर लांबीच्या साखळ्या विणायच्या, दोन पदरी दोऱ्याच्या आणि ढिल्या, अशा नऊ झाल्या की तीन-तीनच्या बटा करून वेणी घालायची, वेणीचं गोल कडं वळवून टोकं शिवून टाकायची. गोल बुडाची कढई टेबलावर ठेवली की त्यात मस्त बसते, भाजी वाढताना डुगडुगत नाही. सासूबाईंनी ते पहिलं कडं देवघरात नेलं, लोटीखाली.