नायट्रस बसवताना आधी पेट्रोलचा हिशेब

हौशी ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ पट्टीवरच्या छोट्या वेगशर्यतीसाठी) गाडीत नायट्रस बसवू पाहणाऱ्याने सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की नायट्रस ऑक्साइड हे इंधन नव्हे. ते स्वतः जळत नाही. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रसमध्ये सुमारे ३६ टक्के. इंजिनातल्या उष्णतेने, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे, त्याचा रेणू फुटतो आणि हा ऑक्सिजन मोकळा होतो. जादा ताकद मिळते ती त्याच्या जोडीने जादा पेट्रोल जाळल्यामुळे. पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण लीन झाले, तर डेटोनेशन (मिश्रण एकसारखे जळण्याऐवजी सिलिंडरमध्ये आपोआप भडकणे) सुरू होते आणि पिस्टन काही क्षणांत वितळू शकतो.

त्यामुळे मूळ फ्युएल पंपावर विसंबून राहू नये. जास्तीत जास्त आरपीएमला, पूर्ण भार असताना तो किती दाब टिकवतो, हे गेजवर पाहूनच पुढे जावे. नवशिक्याने वेट प्रकारचे किट घ्यावे, कारण त्यात नायट्रस आणि जादा पेट्रोल एकाच नोझलमधून येते आणि दोन्हींचे जेट (प्रवाह ठरवणारी बारीक छिद्राची तोटी) किटच्या तक्त्यानुसार जोडीने बदलता येतात. सुरुवात ५० अश्वशक्तीच्या शॉटने, म्हणजे तेवढी जादा ताकद देणाऱ्या मात्रेने, करावी. इंजिनात साधे ओतीव पिस्टन असतील तर मोठ्या शॉटचा मोह टाळावा; त्यासाठी फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन लागतात.

बाटली आडवी, लेबल वर करून, व्हॉल्व्हचे तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला व किंचित उंच ठेवून घट्ट बांधावी. आतली सायफन नळी (बाटलीतला द्रव बाहेर नेणारी) तळाशी मागे वाकलेली असते आणि गाडी सुटताच द्रवरूप नायट्रस मागे सरकते, तेव्हा नळीचे टोक त्यात बुडालेले राहते. बाटली प्रवासी कक्षात असेल तर सेफ्टी डिस्कची (दाब फार वाढल्यास फुटून वायू सोडणाऱ्या चकतीची) नळी गाडीबाहेर काढलीच पाहिजे. शर्यतीपूर्वी दाब दर चौरस इंचाला ९०० ते १००० पौंडांच्या दरम्यान असावा. जेटचे छिद्र ठरलेले असल्याने दाब वाढला की नायट्रस जास्त जाते, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. दाब उतरला की उलट मिश्रण रिच होऊन, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन, गाडी मंदावते. बाटली गार पडली असेल तर थर्मोस्टॅट असलेला बॉटल हीटर वापरावा. ज्योतीवर बाटली तापवणारे लोक आहेत. त्यांच्या शेजारी उभेसुद्धा राहू नये.

वायरिंगमध्ये आर्मिंग स्विच (यंत्रणा सज्ज करणारा), थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच लागणारा स्विच, विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या दरम्यानच चालणारा) आणि पेट्रोलचा दाब घसरताच प्रवाह तोडणारा स्विच हे सगळे एकापाठोपाठ जोडावेत, म्हणजे एकानेही नकार दिला तर सोलेनॉइड, म्हणजे नायट्रस सोडणारी विजेवरची झडप, उघडणार नाही. विंडो स्विच सुमारे ३००० आरपीएमच्या वर चालू होऊन रेव्ह लिमिटरच्या (इंजिनाचे आरपीएम मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) आधी बंद व्हावा. कमी आरपीएमला नायट्रस सोडल्यास पेट्रोल इंटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) साचते आणि बॅकफायरने मॅनिफोल्डच फुटू शकतो. लिमिटरने पेट्रोल तोडले आणि नायट्रस चालूच राहिले, तर काय होईल ते वर सांगितलेच आहे.

नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होते, म्हणून इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) दर ५० अश्वशक्तीमागे साधारण २ अंश मागे घ्यावे, स्पार्क प्लग एक-दोन श्रेणी थंड घ्यावेत आणि त्यांची गॅप कमी करावी.

धावपट्टीवर गेल्यावर बाटलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि पर्ज करावे, म्हणजे थोडे नायट्रस बाहेर सोडावे. तो पांढरा फवारा प्रेक्षकांना आवडतो हे खरे, पण त्याचे काम निराळे आहे: नळीतला वायू निघून सोलेनॉइडपर्यंत द्रव पोचतो, नाहीतर पहिल्या क्षणाला इंजिन गुदमरते. आर्मिंग स्विच मात्र बर्नआउट (टायर तापवण्यासाठी चाके जागेवर फिरवणे) संपल्यावरच टाकावा.

पहिली धाव पूर्ण होताच, पट्टीच्या शेवटी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणावी आणि प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर डेटोनेशन झाले आहे. चंदेरी कण दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी टायमिंग आणखी मागे घ्यावे, पेट्रोलचा दाब पुन्हा तपासावा आणि त्या दिवशी मोठा जेट खोक्यातून बाहेर काढू नये.