बांधावरच्या भांडणातून खुनाचा गुन्हा दाखल झाला, तर बचाव कसा करावा

शेताच्या बांधावरून वाद पेटतो, कुऱ्हाडीचा घाव बसतो आणि माणूस दगावतो. अशा वेळी पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लावले (घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्यास जुन्या भारतीय दंड संहितेचे ३०२), तरी तो खूनच ठरेल असे नाही. पूर्वतयारी नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात आणि क्रूरपणा न करता कृत्य घडले असल्यास ते कलम १०५ खालील सदोष मनुष्यवधात (खुनापेक्षा कमी गंभीर गुन्ह्यात) मोडू शकते व फाशीचा प्रश्न उरत नाही. म्हणून शवविच्छेदन अहवालात घाव एक आहे की पाच, कुऱ्हाड घरून आणली की शेतातच पडलेली होती, आणि आरोपीच्या स्वतःच्या जखमांची वैद्यकीय नोंद झाली का, हे वकिलाने आधी तपासावे.

वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पोलिसांपुढील कबुली पुरावा ठरत नाही, पण तिच्या आधारे सापडलेली कुऱ्हाड ठरू शकते, हे नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही.

पोलिसांचे दोषारोपपत्र (चार्जशीट) ९० दिवसांत दाखल न झाल्यास जामीन हा हक्क होतो. मात्र पहिल्या रिमांडची (न्यायालयाने कोठडी दिल्याची) तारीख धरून दिवस मोजावेत आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वीच अर्ज द्यावा. सत्र न्यायालयाने जामीन नाकारल्यास उच्च न्यायालयाकडे जाता येते.